मदत हवी आहे: 'वारा फिरला आणि पोपट झाला (२)'

साध्या शब्दकोड्याचं मला काही वाटत नाही. कमळ, तीन अक्षरी म्हटलं की हात आपोआप 'पंकज' लिहितो. पण महिनाभर झाला, रोज पेपरातल्या गूढ शब्दकोड्याच्या मागे लागलेय आणि रोज दोन-चार चौकटी कोऱ्याच राहतात.

एवढं उमगलंय की शोधसूत्राच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो आणि बाकीच्यात अक्षरांची करामत. 'सावकार खानावळीत शोधा, माल इथंच तयार होतो (४)' हे मी एकटीने सोडवलं! पहिले दोन शब्द सलग वाचले आणि मधोमध 'कारखाना' दिसला. घरात सगळ्यांना दाखवून झालं.

आज मात्र दोन ठिकाणी अडलेय.

११ आडवा: 'सुताराला अगदी हातासारखी (४)'. उभ्या शब्दांतून क आणि व आले, म्हणून 'करवत' भरलं. पण हातासारखी का?

७ उभा: शीर्षकातलं. पोपट होणं म्हणजे फजितीच ना? खालचं अक्षर 'वा' पक्कं आहे. 'वा'ने संपणारी दोन अक्षरी फजिती काही सापडेना. वारा आहे म्हणून पेन्सिलीने 'हवा' लिहिलं, मग खोडलं.

नुसतं उत्तर नको, वाट दाखवा. उत्तर काय, उद्याच्या पेपरात येईलच.

प्रतिसाद

'हवा' खोडलंत ते बरं केलंत. त्यात 'फिरला' आणि 'पोपट' दोघेही बेकार बसतात, आणि चांगल्या गूढ कोड्यात एकही शब्द फुकट नसतो. फिरला, उलटला, परतला असं काही दिसलं की आधीचा शब्द मागून वाचून बघायचा. उलटतात ती अख्खी अक्षरं, काना-मात्रा ज्याच्या त्याच्याकडेच राहतात. 'काठी'ची 'ठीका' होते, 'ठाकी' नाही. आणि पोपट खराखुरा पक्षी धरा.

करवत: कर म्हणजे हात, वत् म्हणजे सारखं, 'पुत्रवत्'मधलं. पाय मोडका त चौकटीत अख्खा धरलाय. मला एवढी सूट चालते, काहींना खटकते. पण पूर्ण वाक्य करवतीलाही लागू पडतं, म्हणून रचणाऱ्याला माफ!

प्रतिसाद

रावा!! म्हणजे पोपट माझाच झाला होता. पेनाने लिहिलं.

आता १४ उभा. त्यात 'विस्कटलेले' असा शब्द आलाय. म्हणजे अक्षरांची सरमिसळच ना?