घर घेताना एजंट: कमिशन वसूल होतं का?

ओसरी

आठ महिने घर शोधतेय. परवाचा प्रसंग सांगते. एजंटाने कुलूप उघडलं, दिवा लावला आणि एकेका दारात उभं राहून सुरू केलं, "हा हॉल. हे किचन. ही मास्टर बेडरूम." पलंग मलाही दिसत होता. विचारलं, दुपारनंतर या खिडकीतून ऊन येतं का? तर म्हणे, "मॅडम, उजेड भरपूर आहे." दिवा त्यानेच लावला होता. घर किती दिवस बंद आहे, विचारलं. "फारसं नाही." मी नळ सोडून पाहिला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं.

येताना नवऱ्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार, मध्ये जाणता माणूस हवाच. मी त्याला हिशेब सांगितला, तो इथेही मांडते. समजा कमिशन शंभराला दोन. शंभराचं घर घासाघीस करून पंच्याण्णवला आणलं तर माझे पाच वाचले. एजंटाचं कमिशन दोनवरून एक नव्वदवर आलं, म्हणजे त्याचे दहा पैसे गेले आणि वर दोन आठवड्यांची पळापळ. तो माझ्यासाठी कशाला घासाघीस करील? सौदा मोडला तर त्याला शून्य. "थांबा, हे घर घेऊ नका," हे एकच वाक्य मला त्याच्याकडून विकत हवंय आणि नेमकं तेच त्याला परवडत नाही.

घरांच्या याद्या, फोटो, नकाशे, आसपासचे भाव आता मोबाइलवर दिसतात. मग घेणाऱ्याने कमिशन नेमकं कशाचं द्यायचं? ज्यांनी घर घेतलंय त्यांनी लिहा. "चांगला एजंट असेल तर चांगलं असतं" छापाची उत्तरं नकोत.

चावीजुडगा

चौदा वर्षं हाच धंदा करतोय, तेव्हा शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. तांबड्या पाण्याच्या घराला "फारसं नाही" म्हणणाऱ्याची बाजू घेणार नाही. पण ताई, तुमचा हिशेब अर्धाच आहे.

वीस जणांना घरं दाखवतो तेव्हा त्यातला एखादा घेतो. बाकीच्या एकोणीस जणांसाठी सुट्टीचे दिवस गेले, पेट्रोल गेलं, मिळालं काही नाही. कोणाचं कर्ज अडतं, कोणाच्या सासऱ्यांना घर पटत नाही, कोणी सहा महिने फिरवतो आणि शेवटी चुलतभावाचंच घर घेतो.

शिवाय पैसे दार उघडण्याचे नसतातच, कोणतं दार उघडायचं नाही त्याचे असतात. तुम्हाला दाखवलेली सहा घरं दिसतात, न दाखवलेली चाळीस दिसत नाहीत. चार भावंडांच्या नावावर आहे आणि एक सही करत नाही, ते घर. टोकन घेतल्यावर भाव वाढवणाऱ्या मालकाचं घर. त्या मालकाने मागच्या वर्षी दोघांना असंच फिरवलंय हे कुठल्या यादीत येत नाही, ते मला ठाऊक असतं.

उंबरा

चावीजुडगा, मोकळेपणाने लिहिलंत, आवडलं. पण त्या एकोणीस जणांचं बिल विसाव्याने का भरायचं?

यावर अर्थशास्त्रज्ञांचं काम आहे. शे आणि मोरेट्टी या दोघांनी अमेरिकेतल्या शहरांच्या १९८० आणि १९९० च्या जनगणना ताडून पाहिल्या (निबंध २००३ चा). घरं महागली की टक्केवारीतलं कमिशनही आपोआप फुगतं. ते पाहून आणखी लोक या धंद्यात उतरतात, प्रत्येकाच्या वाट्याला कमी घरं येतात आणि एजंटाची कमाई होती तिथेच राहते. म्हणजे महाग शहरातला ग्राहक जास्त पैसे मोजतो ते जास्त चांगल्या सेवेसाठी नाही. ते जातात गिऱ्हाइकामागे धावणाऱ्या जास्तीच्या पायांसाठी. एजंट त्यात श्रीमंत होत नाही आणि आपण मात्र गरीब होतो. दोष माणसांचा म्हणत नाही. टक्केवारीचा आहे.

फिरस्ती

उंबरा +१. दुप्पट किमतीच्या घराला कुलूप दोन नसतात, एकच असतं. मग फी दुप्पट कशी?

सरळमार्गी

माझा आयडी वाचा आणि हसा. कमिशन वाचवायचं म्हणून मी घर थेट मालकांकडून घेतलं.

निवृत्त जोडपं होतं. बाई प्रत्येक खोलीची आठवण सांगत होत्या. एका दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मुलांच्या उंचीच्या खुणा, शेजारी तारखा. त्या खुणांवरून त्यांनी हात फिरवला आणि "भाव थोडा कमी करा" म्हणायला माझी जीभच उचलेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. त्यांनी सांगितलेला आकडा जसाच्या तसा मान्य करून आलो.

आता खरी गोष्ट. मागच्या खोलीतली एकच भिंत नव्याने रंगवलेली होती आणि तिला टेकून एक भलंमोठं कपाट होतं. बाकी घराचा रंग जुना. हे मला दिसलं होतं हो! पण "एकच भिंत का?" हा प्रश्न पडला नाही. पहिल्याच पावसाळ्यात खोलीला वास यायला लागला. कपाट ओढलं तर मागे हातभर पोपडे आणि भिंत अशी फुगलेली की बोट आत जाईल. पाणी मुरतंय ही म्हण म्हणून ठाऊक होती, तेव्हा डोळ्यांनी पाहिली. दुरुस्तीत गेलं त्यात कमिशन भागून वर उरलं असतं.

पुढच्या वेळी एजंट घेईन. मला हुशार माणूस नकोय, फक्त माझ्या वतीने वाईटपणा घेणारा हवाय.

ओसरी

चौकटीवरच्या खुणांचं वाचून कसंसंच झालं. मीही गप्पच बसले असते. पण एक सांगा, एजंट असता तर त्याने ते कपाट हलवलं असतं?

चावीजुडगा

मी हलवलं असतं.

उंबरा

आणि मागे पोपडे निघाले असते तर त्या महिन्याच्या हप्त्याचं काय?

चावीजुडगा

खरं सांगू? पहिली तीन वर्षं कदाचित नसतं हलवलं. आता माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं जुन्या गिऱ्हाइकांनी पाठवलेली असतात. एक ओली भिंत विकली तर दहा ओळखी जातात. धंद्यात नवा आहे आणि या महिन्याचं भाडं थकलंय, अशा एजंटाकडून हे धरू नका. तेवढं मान्य.

मोजपट्टी

इमारतींची तपासणी हेच माझं काम आहे, त्यामुळे कपाटाच्या विषयात तोंड घालतो. ते हलवणं ना मालकाचं काम, ना एजंटाचं. ठरावीक फी घेणाऱ्याचं आहे. तुम्ही घर घ्या नाहीतर सोडा, मला तेवढेच पैसे मिळतात. ओसरीताईंना जे वाक्य विकत हवंय ते या दुकानात मिळतं.

कोरड्या दिवसांत घर बघत असाल तर इथे बघा: बाथरूमच्या पलीकडच्या बाजूची भिंत, खिडकीचे खालचे दोन कोपरे, जमिनीपासून वीतभर उंचीचा पट्टा, सगळ्यात वरचा मजला असेल तर छताच्या कडा. पांढरी भुकटी दिसली तर ती भिंतीतून पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. बोटाने पुसली जाते, पण ओल असेपर्यंत पुन्हा येते. ताजा रंग डोळ्यांना फसवतो. ओल मोजायचं मीटर हाताच्या पंजाएवढं असतं, भिंतीला टेकवलं की रंगाखाली काय चाललंय याचा अंदाज देतं. आणि दुसऱ्यांदा जाल ते एजंटाच्या सोयीने नको. पाऊस पडून गेल्यावर जा.

किमतीबद्दलही एक. "मला बाजारभाव कळतो," असं एजंट म्हणतात. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहरात केलेला. खरंखुरं घर, माहितीचे कागद सगळ्यांना तेच, फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी दाखवली. विद्यार्थ्यांनी आणि व्यवसायातल्या एजंटांनी घर फिरून पाहिलं आणि त्याचं मोल सांगितलं. दोघांचेही अंदाज दाखवलेल्या आकड्याच्या मागे गेले. फरक एवढाच की त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला हे एजंटांनी विद्यार्थ्यांपेक्षा कमी कबूल केलं.

निळी_दौत

मोजपट्टी, प्रतिसाद आवडला, पण निष्कर्षाला असहमत. त्या प्रयोगात एजंट चुकले म्हणून आपण बरोबर येऊ असं थोडंच आहे? आपण तर त्या विद्यार्थ्यांच्याही मागे.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर लेविट आणि सिव्हर्सन यांचा २००८ चा निबंध आठवतो. शिकागोच्या उपनगरांतल्या जवळपास एक लाख घरविक्री त्यांनी तपासल्या. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त भाव मिळवतात. गिऱ्हाइकाचं घर असलं की मात्र "आलेली ऑफर घेऊन टाका."

हा निबंध सगळे एजंटांविरुद्ध वापरतात. पण आपण घेणारे आहोत! विकणाऱ्याच्या एजंटाला घाई आहे, ती आपल्या फायद्याची. ओसरी, तुमचाच हिशेब उलटा फिरवून बघा. भाव पाच टक्के पाडायला तुमचा एजंट धडपडणार नाही हे खरं, पण मालकाचा एजंटही ते पाच टक्के वाचवायला धडपडणार नाही. दहा पैशांसाठी दोघंही भांडणार नाहीत. सौदा व्हावा एवढंच दोघांना हवं. मग भक्कम कागद, मंजूर झालेलं कर्ज आणि कमी भाव घेऊन समोर बसा. मालकाला समजवायचं काम त्याचाच एजंट करतो. मी असंच घर घेतलं.

ओसरी

हे डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे एजंट हवा, पण समोरच्याचा!

कागदपत्री

वकिलाच्या कार्यालयात वीस वर्षं कागद वाचतेय. एवढी चर्चा झाली, पण एक प्रश्न कोणी धड विचारला नाही: एजंट कोणाचा? बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. घेणाऱ्याला वाटतं तो आपला माणूस, कारण तोच आपल्याला फिरवतो, "काळजी करू नका" म्हणतो. आणि आपण त्याला सांगून बसतो, "मालकाला सांगू नका, पण आमची तयारी याच्याही वर जायची आहे." तो दोघांकडून कमिशन घेत असेल तर ही माहिती कुठे जाईल?

देशोदेशी याची उत्तरं वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये इस्टेट एजंट सहसा विकणाऱ्याचा असतो आणि फी त्याच्याकडूनच घेतो. व्यवहारात एजंटाचा स्वतःचा हितसंबंध असेल तर तो उघड करणं १९७९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत घेणाऱ्याच्या एजंटाची फी वर्षानुवर्षं विकणाऱ्याच्या कमिशनमधून निघायची, त्यामुळे घेणाऱ्याला ती फुकट वाटायची. त्यावर खटला झाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिसुरीतल्या ज्यूरीने एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि पुढे संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथे संघटनेच्या एजंटाबरोबर घर बघायला जाण्याआधी घेणाऱ्याला त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. किती फी, कशाची, सगळं त्यात असतं. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याने (स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी सक्तीची केली.

तेव्हा कुठेही असा, घर बघण्याआधी कागदावर घ्या: तुम्ही कोणाच्या बाजूने, फी किती, ती कधी द्यायची, सौदा मोडला तर काय. बोजा, वारस, मालकी हे तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासा. एजंटाने "आपलाच आहे" म्हणून सुचवलेल्या वकिलाकडून तर नकोच. तो आपला म्हणजे त्याचा आपला.

फिरस्ती

"त्याचा आपला" भारी.
अवांतर: एजंट, वकील, तपासनीस असे तिघांना पैसे दिल्यावर घर घ्यायला उरतात का?

चावीजुडगा

वकील आणि तपासनीस हवेतच, माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो. पण कागदपत्री, लेखी करार मागा म्हणता तसा माझी बाजूही लिहा. मी दाखवलेलं घर मला वगळून मालकाकडून थेट घेतलेली माणसं मला ठाऊक आहेत. दुसऱ्यांदा भेटल्यावर ओळखही दाखवत नाहीत.

कागदपत्री

हो, ते कलमही घाला. ते नसतं म्हणून तर तुमचे लोक आमच्याकडे येतात.

ओसरी

सगळ्यांचे आभार. काल नवा एजंट होता. घर बघायच्या आधी, गाडीपाशीच तीन गोष्टी विचारल्या. पैसे कोण देतं? म्हणाला, दोन्ही बाजू. टक्क्याऐवजी ठरावीक फी घ्याल का? यावर नुसता हसला. मग विचारलं, "घेऊ नका" असं शेवटचं कोणाला सांगितलंत?

यावर मात्र थांबला. मोबाइल खिशात ठेवला. म्हणाला, "आज तिसरं घर दाखवणार होतो ते राहू द्या. वरच्या गच्चीचं पाणी उतरतंय, दुरुस्ती अजून झालेली नाही."

नवऱ्याच्या मते माणूस प्रामाणिक आहे. मला एवढंच वाटतंय, मी विचारलं नसतं तर ते तिसरं घर काल आमचं बघून झालं असतं.

उंबरा

मोजपट्टींना घेऊन जा त्या तिसऱ्या घरात. स्वस्तात मिळेल.