जुन्या गव्हाचे गुण कुणी ठरवले, हवेने की शेतकऱ्याने?

ओंबी: माझं मत, हवेनेच. कुसळ बघा. पानं करपली तरी हिरवं कुसळ ऊन घेत राहतं आणि शेजारच्या दाण्याला खुराक पुरवतं. म्हणून उष्ण, कोरड्या मुलखात कुसळाचे गहू जास्त. थंड, पावसाळी भागात बोडक्या ओंब्या बऱ्याच दिसतात. ओलं कुसळ पाणी धरतं, ओंबी जड होते, पीक लोळतं. कडक हिवाळ्यातल्या वाणांना तर काही आठवडे गारठा मिळाल्याशिवाय ओंबीच येत नाही, नाहीतर फुलोरा बर्फात गेला असता. हे कुणा शेतकऱ्याने ठरवून केलंय?

खुरपं: असहमत. पिकल्यावर दाणे न झडणं हा गव्हाचा सगळ्यात मोठा गुण, आणि रानात तो चक्क दोष आहे. बी पसरणार कसं? तो टिकला माणसाच्या कापणीमुळे. शिवाय हवाच सर्वस्व असेल, तर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी १८७४ च्या सुमारास रशियन साम्राज्यातून अमेरिकेत नेलेला 'टर्की रेड' गहू कॅन्ससमध्ये फोफावला कसा?

ओंबी: अहो, हा तर माझाच पुरावा! तिकडेही गवताळ सपाटी, बोचरा हिवाळा, तापता उन्हाळा. बी हललं, हवा तीच.

खुरपं: बरं, मग इटलीचे गहू-संशोधक स्ट्राम्पेल्ली घ्या. इटलीतल्या रिएतीचा स्थानिक गहू तांबेरा रोगाला दाद देत नसे (दमट खोरं, हा मुद्दा तुमचा), पण उंच, लोळणारा. १९१३ मध्ये त्यांनी त्याच्या संकरित पिढीत जपानचा बुटका, लवकर येणारा 'अकाकोमुगी' मिसळला. जपान कुठे, इटली कुठे!

चाळण: तुम्ही दोघंही वाण म्हणजे एकसारखी रोपं धरून चाललात. जुन्या वाणाच्या एकाच शेतात उंच, ठेंगणी, आगाप, उशिरा येणारी अशी सरमिसळ असते. हवा गुण तयार करत नाही, असलेल्यातून गाळते. पाऊस लवकर संपला की आगाप झाडं जास्त बी देतात. त्यातलं पेरायचं कोणतं, ते शेतकरी बघतो.

ओंबी: गाळते, मान्य. पण ते शेतात. वॉटकिन्स या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२०-३० च्या दशकांत जमवलेल्या गव्हांपैकी ३२ देशांतले ८२७ वाण अजून बियाण्यांच्या साठ्यात जपलेत. ते त्या काळच्या हवेपाशीच थांबलेत. शेतात असते तर आज वेगळे दिसले असते.

खुरपं: शेतात असते, म्हणजे दरवर्षी कुणीतरी पेरत आलं असतं. तेच तर म्हणतोय मघापासून.