डोरिफोरोसच्या प्रतीला घोट्यात तडा

प्रश्न: प्राचीन ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसच्या ‘डोरिफोरोस’ची (भालाधारी पुरुषाच्या पुतळ्याची) दोन फुटी प्लास्टर प्रत सिलिकॉनच्या साच्यातून काढतोय. दर वेळी घोट्यात तडा जातो, पोटाच्या स्नायूंखाली बुडबुडे राहतात. काय चुकतंय?

उत्तर १: किलोभर प्लास्टरला 650–700 मिली पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, उलट नाही. मिनिटभर मुरलं की तळाशी हात ठेवून हलकेच ढवळा. पहिला पातळ थर ब्रशने खाचांत भरा.

उत्तर २: घोट्यात स्टेनलेस स्टीलची सळई हवीच, साधं लोखंड गंजून फुगतं. उजव्या पायामागचा झाडाचा बुंधा उडवलात का? रोमन संगमरवरी प्रतीत तो भार पेलायलाच आहे. मूळ ब्राँझला गरज नव्हती, प्लास्टरला आहे.

प्रश्नकर्ता: कापलाय खरा. मोकळे पाय छान दिसतात म्हणून.

उत्तर २: मग तडा जाणारच!