पंचगंगा आमच्या गावात कशी आली?

फळापुसणी:
मंडळी, मी जळगाव जिल्ह्यात एका ग्रामीण कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. कार्यभार भरायला म्हणून पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषयही माझ्याच गळ्यात आहे. यंदा बारावीचे ७२ प्रकल्प तपासायला घेतले. नदीप्रदूषणावरचे १९ निघाले, आणि त्यातले ११ जण पंचगंगेच्या घाटावर पाहणी करून आलेत! आमच्याकडून कोल्हापूर म्हणजे एसटीत रात्र काढायची. घरामागून गिरणा वाहते, तिचं नावसुद्धा नाही. ‘कारखाण्यातील सांडपाणी’ यातला ण अकराही वह्यांत जसाच्या तसा. अक्षर मात्र ज्याचं त्याचं, समास आखून, शीर्षकं काळ्या पेनाने. तीस पानं हाताने उतरवायचे कष्ट घेतलेत पोरांनी, पण नदीवर दहा मिनिटं जायचे नाही घेतले.

नापास करण्यात मला रस नाही. मराठीसाठी अशी नक्कल पकडणारं काही सॉफ्टवेअर आहे का? आणि पुढच्या वर्षी हे थांबवायचं कसं?

कपाट_क्र_७:
मी वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे ‘शोधशुद्धी’ या सरकारी योजनेतून ड्रिलबिट हे नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर मिळालंय, पण ते प्रबंधांसाठी. यूजीसीचे २०१८चे नियमही तिथलेच: साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ४०पर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ६०पर्यंत वर्षभर थांबा, त्यापुढे नोंदणी रद्द. हाताने लिहिलेल्या वहीला यातलं काहीच लागू नाही.

आणि टक्क्यांवर फार जाऊ नका. एकदा एका मराठी प्रबंधात साम्य २ टक्के आलं. विद्यार्थी खूश, मार्गदर्शक खूश. फाईल उघडली तर मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला. पडद्यावर मराठी, आत रोमन अक्षरांची खिचडी. ही खिचडी जगात कुठेच सापडत नाही, असं यंत्राने सांगितलं, आणि ते खरंच होतं. युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासला, तेव्हा मार्गदर्शकांचा चहा तसाच राहिला.

तुमच्यासाठी गुगल पुरे. वाक्यातला एखादा विचित्र तुकडा, सहा-सात शब्दांचा, अवतरणचिन्हांत टाकून शोधा. सुंदर वाक्य घेऊ नका, चुकलेलं घ्या. तो ण सोन्यासारखा आहे.

निवृत्त_मास्तर:
ताई, पकडण्यात जीव घालवू नका. ‘नदीप्रदूषण’ असा विषय दिला की तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळतोच. मी शेवटची सहा वर्षं एकच विषय द्यायचो: आपल्या घरातलं सात दिवसांचं पाणी. किती हंडे, कुणी आणले, नळ किती वाजता आला. पाहणीचं कच्चं पान दिवाळीआधी मागायचो, खाडाखोडीसकट. पान फारच स्वच्छ असेल तर पोराला समोर बसवायचं.

एकाने तरी घरबसल्या सात दिवस रचले. नळ रविवारी सकाळी आला म्हणे. मी त्याच आळीत राहतो, आमच्याकडे नळ मंगळवार-शुक्रवार! हसला आणि वही परत घेऊन गेला.

तोंडी मात्र चुकवू नका. वही उघडायची, त्याच्याच ओळीवर बोट ठेवायचं: ‘विद्राव्य ऑक्सिजन’ म्हणजे काय रे? पाच मिनिटं लागतात.

साडेदहाची_लोकल:
मास्तरांना +१. पण आता झेरॉक्सवाल्यालाही कोण विचारतं? मुलं चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, त्यात तुमचा तो ण सापडायचा नाही. ते ओळखून देणाऱ्या साइट्सवर विसंबून कुणाला चोर ठरवू नका. ओपनएआयने स्वतःचंच असं साधन जुलै २०२३मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. मी गंमत म्हणून माझा २०११चा बीएडचा निबंध एका साइटवर टाकला. ८७ टक्के यंत्राने लिहिलेला निघाला. (अवांतर: निबंध तितकाच रटाळ होता, हे मान्य.)

फळापुसणी:
सगळ्यांचे आभार. काल अकराही जणांची तोंडी घेतली. पहिल्याच मुलीला विचारलं, पंचगंगा कुठेय गं? ती म्हणाली, “मॅडम, नमुना तुम्हीच ग्रुपवर टाकला होता.”

घरी येऊन मोबाईल वर सरकवत नेला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका शिक्षकांच्या ग्रुपवरून आलेली पीडीएफ मीच पुढे ढकलली होती, ‘असं लिहा’ म्हणून. न वाचता. पान ४, ‘कारखाण्यातील’.

वर्गात ते सांगितलं. आता त्या अकरा जणांना गिरणेवर पाठवलंय, एकच पान, पेन्सिलने. पहिलं पान आज आलं. त्यात पात्रात उतरलेले वाळूचे ट्रॅक्टर मोजलेत, सकाळी ६ ते ८ मध्ये १७, आणि दोन ट्रॅक्टरांचे नंबरही लिहिलेत. हे मी फाईलला लावू की नको, आता तेवढं सांगा.