'शेवटी परत त्याच गाडीकडे आलो' म्हणणाऱ्यांनी आधी आपला मिस्त्री कुठे आहे ते पाहावं

डबेवाला (दारव्हा)

परवा आपल्या कारंज्याच्या 'व्हीटेकवाल्या'नं लांबलचक लिहिलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत: 2002 ची होंडा सिटी व्हीटेक (होंडा सिटीचं जास्त ताकदीच्या इंजिनाचं मॉडेल) 2008 मध्ये विकली, मग डॉल्फिन सिटी, स्विफ्ट डिझेल, बोलेरो, क्रेटा असा फेरा झाला, कशातच जीव रमला नाही, म्हणून मागच्या दिवाळीत नागपूरहून तसलीच दुसरी व्हीटेक, त्यांच्या भाषेत 'स्पोर्ट्स कार', आणली. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. ज्याचे पैसे त्याचा शौक. पण शेवटी साहेब लिहितात, 'ज्याला गाडी कळते तो परत येतोच. बाकीचे डबे चालवतात.'

म्हणून आजपासून माझं नाव 'डबेवाला'.

मीही परत गेलो होतो हो. 2021 मध्ये. तीच व्हीटेक, तोच रंग, फक्त एमएच-29 च्या जागी एमएच-31. पहिला महिना मी रोज उगाचच यवतमाळला जात होतो. सासूबाईंना वाटलं जावयाला माया फुटली. मग एक दिवस गाडी चौकात बंद पडली आणि माझ्या लक्षात आलं की गाडी परत आणली, पण ती चालवणारा माणूस कुठे आहे? चालवणारा म्हणजे मी नाही. आमचा मिस्त्री. पान्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला, डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, 'तिसऱ्या नंबरचा टॅपेट बोलून राहिला.' तो माणूस गेला. पोरानं गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान टाकलं. दुसऱ्या गॅरेजमधलं पोरगं आधी स्कॅनरची पिन कुठे खुपसायची तेच शोधत बसलं. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे स्पार्कप्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप यायला तीन आठवडे. मधल्या काळात कोठ्यातल्या तुरीवर पोसलेल्या उंदरांनी वायरिंग खाल्लं.

आणि एका रात्री बाबांना छातीत कळ आली. चाबी फिरवतो, फिरवतो, गाडी ढिम्म. शेजारच्या काकांनी बोलेरो काढली. बाबा आज ठणठणीत आहेत, रोज सकाळी मला शिव्या देतात. त्या रात्री त्यांना डब्यानंच नेलं. चौदा महिन्यांत मी गाडी विकली. आता सांगा, मला गाडी कळत नाही.

व्हीटेकवाला (कारंजा)

वाचलं. बाबा बरे आहेत हे चांगलं झालं, मनापासून.

बाकीचं पटलं नाही. तुम्ही पटाचा बैल आणला आणि वखराला जुंपला. मग म्हणता बैलात दम नाही. तळेगावच्या पटात धावलेली जोडी कोणी डवऱ्याला लावते का? तिला वेगळं खाणं, वेगळी झूल, सकाळ-संध्याकाळ मालिश. तुम्ही कोठ्यात तुरीच्या पोत्यांशेजारी गाडी बांधली आणि दोष गाडीला.

आकडे पाहा. व्हीटेकला 106 हॉर्सपॉवर. तिच्या जागी 2003 मध्ये जी डॉल्फिन आली तिला 77. नवीन गाडी म्हणून मी मोठ्या हौसेनं घेतली आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पहिल्याच वळणावर समजलं काय गमावलं ते. व्हीटेकमध्ये पाच हजाराच्या आसपास काटा गेला की इंजिनाचा आवाजच बदलतो, जशी झोपेतली कोणी उठून बसते. तोवर निम्मे लोक गिअर बदलून मोकळे होतात. म्हणून म्हटलं, कळत नाही.

क्रेटात घाट चढताना मी मोबाईलवर सोयाबीनचे भाव पाहत होतो. यात गाडीचा दोष नाही. पण ती मला भाव पाहू देत होती, एवढंच.

आर्वीचे मास्तर

दोघंही एका मूळ मुद्द्यावर चूक आहात. होंडा सिटी ही स्पोर्ट्स कार नाही. चार दारं, मागे डिकी, लग्नाला पाच माणसं आणि आहेराची भांडी नेणारी सेदान आहे. आपल्या देशात स्पोर्ट्स कार म्हणावी अशी गोष्ट म्हणजे गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म. दोन सीट, फायबरची बॉडी. ताकद बेताची, पण जात स्पोर्ट्स कारचीच. जपानच्या माझदा कंपनीची मियाटा 1989 पासून निघते, दहा लाखांच्या वर बनल्या, तिचंही तेच. ताकद कमी, वजन कमी, सीट दोन. ती विकून मोठी गाडी घेणारे आणि वर्षभरात पुन्हा मियाटाच घेणारे जगभर सापडतात. पण ती मियाटा आहे. शब्द तरी नीट वापरा.

दोन-स्ट्रोक (अचलपूर)

मास्तर, शब्दाचा कीस पाडू नका. मी सांगतो खरी परत याची वस्तू कोणती. आरएक्स हंड्रेड. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर, 1985 ले आली आन 1996 ले बंद झाली. मायाजवळ तीन गाड्या होऊन गेल्या तिच्यानंतर. एक तर इतकी जड का स्टँडवर लावाले बायकोले हाक मारा लागे. सारं इकून परत आरएक्स घेतली. फुटरेस्टवर उभं राहून किक मारली का आख्खं गाव वळून पायते. तुमच्या सिटीले कोण पायते बाप्पा?

डबेवाला (दारव्हा)

आवाजानं पाहतात भाऊ, कौतुकानं नाही.

मूर्तिजापूर गॅरेज

मी रोज हेच काम करतो म्हणून बोलतो. गाडी कोणतीही असो, जुनीकडे परत जायचा काळ गेला. कारण पंपावरचं पेट्रोल बदललं. आता सगळीकडे ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. या गाड्या बनल्या तेव्हा एवढं इथेनॉल कोणाच्या डोक्यातही नव्हतं. माझ्याकडे महिन्याला चार-पाच जुन्या गाड्या येतात, लक्षण एकच. टाकीतला जुना गाळ सुटतो, फिल्टर चोक होतो, पाइप फुगून मऊ पडतो. त्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. सकाळी सेल मारला की पंप आधी तेच उचलतो. दारव्हेवाले भाऊ, तुमचं 2021 चं दुखणं वेगळं असेल. पण आज आणली असती तर चौदा महिनेही काढले नसते.

व्हीटेकवाला (कारंजा)

हे मात्र शंभर टक्के. माझी गाडी हायवेवर 14 देत होती, आता 11. कोणाला विचारून हे केलं? मला साधं पेट्रोल पाहिजे तर मी कुठे जाऊ? पंपावर दोन नोझल ठेवायला काय हरकत होती?

मकावाला (मलकापूर)

आम्हाले इचारून केलं. काऊन, शेतकऱ्यानं दोन पैसे पायलेच नाई पाह्यजे का? आमच्याकडे मका कोंबड्याले आन ढोराले जाये. इथेनॉलवाले आले तवा कुठं मक्याले गिऱ्हाईक भेटलं. तुमच्या वीस वर्षाच्या खेळण्याचा पाइप फुगला म्हणून आमी पुन्हा कोंबडीवाल्याच्या दारात उभं राहाचं का?

व्हीटेकवाला (कारंजा)

मीपण शेतकरीच आहे भाऊ, सतरा एकर आहे, पंपाचा मालक नाही. मक्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2400 होता. तुम्हाला किती मिळाला? खरं सांगा.

मकावाला (मलकापूर)

1750. ओला होता म्हणे.

व्हीटेकवाला (कारंजा)

झालं तर मग. माझं मायलेज गेलं आणि तुमचे साडेसहाशे गेले. मधला कोण खाऊन राहिला त्याच्याशी भांडा.

मकावाला (मलकापूर)

पण गिऱ्हाईक होतं म्हणून 1750 तरी भेटले. तुमी एसी लावून घाट चढाले जाता आन आमाले हमीभाव शिकवता. सतरा एकरवाला आन क्रेटावाला शेतकरी, वा रे वा.

कपाशी-पाच-एकर (राळेगाव)

मक्याचं तरी कोणी बोलतं. 2025 च्या ऑगस्टात कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, बोंडं फुटायच्या तोंडावर, तेव्हा या धाग्यावरचं कोणी काही बोललं नाही. तेव्हा इथे टायरची चर्चा सुरू होती. 2017 मध्ये बोंडअळीनं सगळं खाल्लं त्या वर्षी मी माझी झेन विकली, कर्जापायी. 'परत त्याच गाडीकडे' वगैरे वाचलं की मला हसू येतं. परत जायला आधी हातात काही उरावं लागतं.

व्हीटेकवाला (कारंजा)

मी व्हीटेक 2008 मध्ये का विकली हे विचारलं का कोणी? बहिणीचं लग्न होतं. हुंडा दिला नाही, पण जेवणावळी दिल्या, आणि त्या वर्षी विहीर खचली. मला गाडी कमी आवडत होती म्हणून नाही विकली. सतरा वर्षं डोक्यात होती. आता पोरगी कमावती झाली, मी घेतली. याचा हिशेब मी कोणाला का देऊ?

कपाशी-पाच-एकर (राळेगाव)

हिशेब मागितला नाही. डबा म्हटलं त्याचं उत्तर दिलं. माझ्या झेनला पण कोणी डबाच म्हणत असेल.

आर्वीचे मास्तर

गणित चुकतंय म्हणून मध्ये पडतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं तर वीसचा तिसरा भाग, म्हणजे सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्केच घट धरली आहे. 14 चे 11 म्हणजे एकवीस टक्के. उरलेले चौदा-पंधरा टक्के इथेनॉलचे नाहीत. ते तुमच्या उजव्या पायाचे आहेत.

दोन-स्ट्रोक (अचलपूर)

मास्तर आज पयल्यांदा कामाचं बोलले. पण मायी आरएक्स ई-20 वर गरम होते हे बी खरं हाय. कार्बोरेटरले काय समजते पेट्रोल बदललं का नाई? मी मोठा जेट टाकला, आता बरी पयते.

मूर्तिजापूर गॅरेज

बरोबर केलं. इंजेक्शनची गाडी काही प्रमाणात स्वतः सांभाळून घेते, कार्बोरेटर नाही. आणि व्हीटेकवाले, एकवीस टक्के असेल तर गाडी आणून दाखवा. ऑक्सिजन सेन्सर गेला असेल, नाहीतर टायमिंग बेल्ट एखादा दात उडालेला असेल. बेल्ट कधी बदलला?

व्हीटेकवाला (कारंजा)

घेताना विकणाऱ्यानं सांगितलं की बदलला आहे.

मूर्तिजापूर गॅरेज

हा हा. म्हणजे नाही बदलला. तोवर समृद्धीवर नेऊ नका.

डबेवाला (दारव्हा)

कालपासून शांत बसून वाचत होतो. मका, कापूस, मास्तरांची शाळा, सगळं झालं. आता मूळ प्रश्नावर या. व्हीटेकवाले, एकच विचारतो. कारंज्यात माझा साडू राहतो. तो म्हणतो तुमच्या अंगणात बोलेरो अजून उभी असते. खरं की खोटं?

व्हीटेकवाला (कारंजा)

आहे. वावरात कशानं जाऊ?

डबेवाला (दारव्हा)

आणि मागच्या महिन्यात आईंना अकोल्याला डोळे दाखवायला नेलं ते?

व्हीटेकवाला (कारंजा)

तुमचा साडू पोलिसात आहे का?

बोलेरोनं नेलं. मूर्तिजापूरपुढे हायवे मस्त आहे, त्यावर व्हीटेक न्यायची इच्छा फार होती. पण आईला खाली बसून चढ-उतर करता येत नाही, सीट फार खाली आहे. आणि गल्लीतला गतिरोधक मी तिरपी घालून पार करतो, त्यात आईचे गुडघे.

डबेवाला (दारव्हा)

म्हणजे तुम्ही परत गेलाच नाही हो. डबा ठेवला आणि त्याच्या जोरावर शौक केला. मी जे केलं त्याला परत जाणं म्हणतात. मी दुसरी गाडी विकून एकट्या व्हीटेकवर संसार टाकला होता, आणि तोंडावर पडलो. तुमच्याकडे रात्री बेरात्री बोलेरो चालू होते म्हणून तुम्हाला पाच हजाराचा आवाज ऐकू येतो. 'बाकीचे डबे चालवतात' याच्या ऐवजी 'माझ्या डब्याची कृपा' असं लिहा, विषय संपला.

व्हीटेकवाला (कारंजा)

कृपा वगैरे लिहिणार नाही. 'डबे' शब्द मागे घेतो, तोही राळेगाववाल्यांच्या झेनसाठी, तुमच्यासाठी नाही.

आणि मिस्त्रीचं म्हणाल तर मलाही मिळाला नाही. मी टॅपेट सेट करायला स्वतः शिकलो, त्रेपन्नाव्या वर्षी, व्हिडिओ पाहून. तीनदा चुकलो. चौथ्यांदा गाडी अशी बोलली की मी एकटाच अंगणात हसत उभा होतो. बायको म्हणाली, आत या, लोक पाहून राहिले. तुम्ही शिकला असता तर गाडी विकली नसती. हे मी टोमणा म्हणून लिहितोय, टोमणाच समजा.

पुढचं रडगाणंही ऐकाच. वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी आता 10,000 झाली, वरून हरित कर वेगळा. एवढ्यात मकावाल्यांचे चार पोते येतात.

मकावाला (मलकापूर)

1750 नं सहा पोते. हिशेब नीट करा.

मूर्तिजापूर गॅरेज

पाइप टाकायचा तर साधा रबरी टाकू नका, व्हिटॉनचा मागवा, इथेनॉल सोसतो. आणि उभी ठेवायची तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त. रविवारी आणा, बेल्ट पण पाहतो. डिस्ट्रिब्युटरची कॅप कशी आहे?

व्हीटेकवाला (कारंजा)

तडा गेलाय. दोन आठवडे झाले शोधतोय, नागपुरात पण नाही.

डबेवाला (दारव्हा)

माझ्याकडे आहे.

त्या वेळी तीन आठवडे वाट पाहून दोन मागवल्या होत्या. एक गाडीबरोबर गेली. दुसरी कोठ्यात फळीवर आहे, प्लॅस्टिकमध्ये, उंदरांच्या हाती लागणार नाही अशी. विकत देणार नाही. रविवारी मूर्तिजापूरला मीच घेऊन येतो, पण कॅप बसल्यावर पहिली चक्कर मी मारणार. दर्यापूर रोडला, एकटा.

व्हीटेकवाला (कारंजा)

एकटा नाही. मी शेजारी बसीन. गाडी विकून चार वर्षं झाली आणि कॅप अजून फळीवर जपून ठेवली, असल्या माणसाच्या हातात मी एकटी चाबी देत नसतो.

आर्वीचे मास्तर

तरीही ती सेदानच आहे.