परवडणाऱ्या घरांविरुद्धच्या अर्जाबद्दल

नमस्कार मंडळी,

आपल्या न्यू जर्सीतल्या शाळेजवळच्या मोकळ्या जागेवर टाउनशिप, म्हणजे आपलं स्थानिक प्रशासन, अफोर्डेबल हाउसिंग आणते आहे. वर्ग आधीच भरलेत. शाळा बघूनच आपण इथे घरं घेतली, प्रॉपर्टी टॅक्सही भरमसाट भरतो. विरोधाच्या अर्जावर सगळ्यांनी सह्या कराव्यात. यात वर्णाचा काही संबंध नाही, प्रश्न मुलांच्या शिक्षणाचा आहे.

---

काका, नमस्कार.

मी सही करणार नाही. वर्णाचा संबंध आहे, आणि तो आपण इथे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. १९५४ साली ब्राऊन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच कोर्टाने उपनगरांच्या शाळा-डिस्ट्रिक्टना, त्यांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याशिवाय, शहरातली आणि उपनगरातली मुलं एकत्र आणण्याच्या योजनेत ओढता येणार नाही असं सांगितलं. इथे सरकारी शाळा राहत्या पत्त्यावरून मिळते; मग कुठल्या शाळेत कोण बसणार, हे घर कुठे परवडतं यावरच ठरत गेलं. आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तर १९३० च्या दशकातच सरकारी नकाशांवर घरकर्ज द्यायला धोक्याच्या म्हणून लाल रंगवलेल्या होत्या.

आपल्याच न्यू जर्सीत, माउंट लॉरेलमध्ये, एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय शिक्षिकेने एवढंच मागितलं होतं: पिढ्यान् पिढ्या राहिलो त्या गावात परवडेल असं घर. १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. तरी ती घरं उभी राहायला २००० साल उजाडलं, इतका गावाचा विरोध. पुढे प्रिन्स्टनच्या समाजशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. त्या घरांमुळे आसपासच्या किमती पडल्या नाहीत, टॅक्स वाढला नाही, गुन्हेही वाढले नाहीत. तिथे राहायला आलेली मुलं मात्र अभ्यासाला जास्त वेळ देऊ लागली.

आपल्यापैकी बहुतेकांना इथलं दार १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडलं. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातून आला. ज्यांनी तो रेटा दिला, त्यांच्याच नातवंडांना आपल्या शाळेबाहेर ठेवणाऱ्या कागदावर मंडळाच्या यादीतून सह्या जाव्यात, हे मला सहन होत नाही.

वर्ग भरलेत हे खरं आहे. त्यासाठी शाळांच्या बोर्डाकडे जादा वर्ग आणि शिक्षक मागू. मसुदा मी लिहिते.

---

तुझी मेल वाचली. वर्गांची काळजी माझी अजून गेलेली नाही, पण सह्या गोळा करणं सुनावणीपर्यंत थांबवतो. मसुदा पाठव, त्यावर सही करेन. नवीन घरांतून किती मुलं येतील याचा अंदाज टाउनशिपने अजून दिलेला नाही. सुनावणीत मी तो विचारणार आहे.