ट्रिस्टेझाचं प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनतंय, पण सगळं पेलेटमध्ये (तळाच्या गाळात), सल्ला हवा

कलम_काटोल
नमस्कार मंडळी. नागपुरात एमएस्सी बायोटेक करतोय, घरची काटोलला संत्र्याची बाग. जंबेरीवर बांधलेला डोळा निरोगी आहे की नाही, हे बाबांना नुसतं बघून कळत नाही. म्हणून हा प्रोजेक्ट मागून घेतला: संत्र्याची झाडं वाळवणाऱ्या ट्रिस्टेझा विषाणूच्या कवच-प्रथिनाचा जीन (६७२ बेस) पीईटी-२८ए वेक्टरमध्ये (जीन पेशीत नेणारा डीएनए), पेशी ई. कोलायच्या बीएल२१ डीई३ जातीच्या. ३७ अंश, १ मिलिमोलर आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन), ४ तास. जेलवर २५ केडीए (किलोडाल्टन) वजनाच्या जरा वर जाड पट्टा येतो, पण सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी पेशी फोडल्यावर) सुपरनेटंट (गाळावरचं पाणी) कोरा. या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी एलायझासाठी (पानाच्या रसात विषाणू शोधायची चाचणी) हवी आहे. युरियात विरघळवून चालेल का?

निकेल_कॉलम
पट्टा आला म्हणजे वेक्टर आणि रीडिंग फ्रेम (जीन वाचायची चौकट) जागेवर आहेत. अडचण वेगाची आहे. टी७ प्रमोटरवर (वेक्टरमधला जीन चालवणारा जोरदार स्विच) प्रथिन इतकं भराभर बनतं की त्याची घडी नीट बसत नाही आणि गोळे होतात. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ झाला की फ्लास्क २० मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग आयपीटीजी ०.१ मिलिमोलर, १८ अंशांवर रात्रभर. ८ मोलर युरियात ते विरघळेल, शुद्धीकरणाच्या निकेल कॉलमलाही चिकटेल, पण उलगडलेलं. अशा प्रथिनावर बनवलेली अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटला (उलगडलेली प्रथिनं तपासायची चाचणी) चालते. पानाच्या रसातला विषाणू मात्र मूळ घडीत असतो, तिथे ती दगा देऊ शकते. घाईत युरियाकडे वळू नका.

कलम_काटोल
१८ अंश कुठून आणू दादा? शेकरला नुसता हीटर आहे. मे महिना, खोलीच ३६ दाखवते.

संत्रानगरी_लॅब
भाऊ, हे आम्हीही भोगलंय. उघडा प्लॅटफॉर्म शेकर एसीच्या खोलीत न्या. २२-२३ अंश मिळाले तेवढ्यावर माझं निम्मं प्रथिन सुपरनेटंटमध्ये आलं होतं. फ्लास्क पाचव्या हिश्श्याच्या वर भरू नका, हवा खेळली पाहिजे.
तरी नाही जमलं तर पुढे एमबीपी (विरघळायला मदत करणारं प्रथिन) जोडणारा वेक्टर घ्या. अँटिबॉडीसाठी सशाला टोचण्याआधी मात्र एमबीपी कापून काढा, नाहीतर अर्धी अँटिबॉडी त्याच्याचविरुद्ध निघेल. आणि सशाचं सीरम आलं की रिकाम्या वेक्टरवाल्या ई. कोलायच्या लायसेटसोबत (फोडलेल्या पेशींचा रस) घोळवून घ्या, म्हणजे ई. कोलायविरुद्धच्या अँटिबॉडी निघून जातील. मी ते टाळलं होतं, निरोगी पानांचा रसही एलायझा प्लेटवर पिवळा, म्हणजे रोगट दिसला, दोन आठवडे गेले.
तुलनेसाठी निरोगी पानाचा रस प्रत्येक प्लेटवर हवाच. त्यासाठी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त रोपाबद्दल विचारा, बागेतलं झाड निरोगी धरून चालू नका.

कलम_काटोल
खूप आभार, ताई-दादा. इन्स्ट्रुमेंट रूमला एसी आहे, सरांकडे किल्ली मागतो. कल्चर आज रात्रीच लावतो, जेल उद्या.